परकराच्या नाडीखालचा डाग

चार दिवस रुग्ण बघायचे नाहीत, असं ठरवूनच मी नाशिकहून निघाले. शाळेतली मैत्रीण पद्मजा लग्न होऊन कुरुंदवाडला आली, तेव्हापासून बोलावत होती. कोल्हापुरात उतरून एसटी पकडली. इचलकरंजीत गाडी थांबली, तेव्हा यंत्रमागांचा खडखडाट खिडकीतून असा आत आला की शेजारच्या बाईंचं बोलणं मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं. पुढे दुतर्फा ऊस, आणि मग पंचगंगा-कृष्णेच्या संगमाजवळचं हे जुनं, ऐसपैस गाव.

पद्मजाचं घर जैन, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. हुग्गी (खपली गव्हाची खीर) वाढता वाढता ती म्हणाली की दूध घालणारी शांताक्का नऊ दिवस तापानं पडून आहे, सकाळी जरा बघशील का? माझा बेत तिथेच मोडला.

शांताक्का नदीकडच्या गल्लीत राहायची. चाळिशीची, अंगानं काटक. म्हशींसाठी रोज बांधावरचं गवत कापणारी. आता डोळे लाल झालेले आणि डोकं उचलवत नव्हतं. तिचा नवरा महादेव यानं पिशवीतून कागद काढले. तीन दवाखाने झाले होते. तिन्हीकडे रक्ताची एकच विडाल तपासणी आणि एकच निदान, टायफॉइड. ही तपासणी इतकी फसवी की कधी कधी धडधाकट माणसाचीही होकारार्थी येते, हे आम्हाला शिकवलेलं असतं. तरी सलाईन आणि रोजचं इंजेक्शन चालूच.

डॉक्टरांनी अंग तपासलं का, असं मी विचारलं.

“न्हाय की,” शांताक्का म्हणाली. “मनगट धरलं, झालं.”

महादेवला बाहेर थांबायला सांगून मी तिची साडी सैल केली. कंबरेला, परकराच्या नाडीखाली, काळी खपली होती. वाटाण्याएवढी, भोवती लाल कडं, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती म्हणून तिनं सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. ही खूण गवतातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या चाव्याची. आजाराचं नाव स्क्रब टायफस. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. हुकला तर जीव जातो. आणि तिला टोचत होते त्या इंजेक्शनाचा या आजारावर काडीचा उपयोग नाही.

श्वास आणि रक्तदाब ठीक होता. रक्त तपासायला पाठवलं आणि अहवालाची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या. मग तडक शेवटचा दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण, नम्र. चहा मागवला. म्हणाले, “मॅडम, इथं बाईला साडी सोडायला सांगितली तर दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करावा लागंल. आणि सलाईन लावली न्हाय तर पेशंट पुढच्या दारात जातो.”

“पडदा लावा, एक नर्स ठेवा,” मी म्हणाले. “तिची लाज राखताय की स्वतःची सोय?”

मी चहा तसाच ठेवून उठले. संध्याकाळी पद्मजानं घाटावर नेलं, पण नदी काही नीट पाहिली नाही.

परतीच्या वाटेवर कराड ओलांडलं, तेव्हा महादेवचा फोन आला. ताप उतरला होता, शांताक्कानं भाकरी मागून खाल्ली होती. मग त्यानं विचारलं,

“डॉक्टरीणबाई, गेल्या म्हयन्यात थोरली वैनी गेली आमची. दोघी एकाच बांधावर गवताला जायच्या. तिला बी टायफाईडच म्हणलेलं. तिच्या अंगावर बी असंल का वो असला डाग?”

आता ते कळायला मार्ग नाही, असं मी सांगितलं. मार्ग होता. महिन्याभरापूर्वी, पडद्याआड, पाच मिनिटांचा.

नाशिक आलं तरी राग उतरला नव्हता. फक्त तो आता एकट्या त्या तरुण डॉक्टरवर राहिला नव्हता. साथीच्या गर्दीत मीही कित्येक बायकांना साडीवरूनच तपासून चिठ्ठ्या लिहून दिल्या आहेत.