हिरडीवरची मिश्री

शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीत आम्ही नवरा-बायको, आणि कुणीतरी दाराशी आणून सोडलेलं मांजराचं पिल्लू. चारेक महिन्यांचं झालं तसे त्याचे दुधाचे दात पडायला लागले आणि घरात चावायचं म्हणून काही शिल्लक राहिलं नाही. चार्जरची वायर, नवऱ्याच्या कंपनीच्या बुटांच्या नाड्या, माझ्या बोटांची पेरं. एका दुपारी चटईवर तांदळाच्या कणीएवढा दात सापडला. हिरड्या लालबुंद झाल्या होत्या. पिल्लू ताटलीतल्या दूधभाताकडं बघून नुसतं रडत होतं.

माझ्या माहेरी, इनामगावला, दाताच्या कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, मिश्री. तंबाखू तव्यावर जाळायची, कुटायची, बोटानं हिरडीवर चोळायची; ठणका गेलाच म्हणून समजा. मी लग्नाआधीपासून लावते. नवऱ्याला खपत नाही, म्हणून गेल्या वर्षी देवापुढं नारळ फोडून सोडली. म्हणजे, सोडली असं त्याला सांगितलं. डबी पिठाच्या डब्यामागं होतीच. मला गुण येतो तर ह्याला का नाही येणार, म्हणत मी चिमूटभर मिश्री पिल्लाच्या हिरड्यांवर चोळली. अगदी मायेनं चोळली. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पाव तासात तोंडातून लाळेच्या तारा, उलट्या, पाय लटलट कापायला लागले. टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून हायवेवरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडं पळाले. डॉक्टर नवऱ्याच्या रोजच्या उठबशीतले.

"वैनी, काय खाल्लंय ह्यानं? नीट आठवा."

"काय की. पाल खाल्ली असंल."

त्यांनी पिल्लाच्या तोंडाचा वास घेतला. "तंबाखूचा वास येतोय. घरात हाय का?"

"न्हाई बा."

पिल्लाची मान माझ्या हातावर गळून पडली होती, आणि माझ्या डोक्यात काय, तर हे नवऱ्याला कळलं तर! मला माझीच किळस आली. "मीच लावली मिश्री," म्हटलं, "पण ह्यांना सांगू नका."

डॉक्टर सुई भरायला वळले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पिल्लू वाचलं. नवऱ्याला मी पालीचंच सांगितलं. तेव्हापासून भिंतीवर पाल दिसली की तो झाडू घेऊन धावतो. "तू येळेवर पळालीस म्हणून वाचलं गं ते," असं येईल त्याला कौतुकानं सांगतो. मी मान खाली घालून भाकरी थापत राहते.