फोनमधला ठिपका

मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवते, आणि मी डूख धरते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मला बरीच वर्षं वाटत होतं. जव्हारच्या आमच्या शाळेत कोणी न विचारता माझ्या टेबलावरचा खडू उचलला तरी तो खडू माझ्या लक्षात राहतो. मग ज्या माणसाने माझ्या आईचं खाचर घेतलं, त्याला मी विसरून जाईन असं लोकांना का वाटावं?

तो माणूस माझा चुलतभाऊ लागतो. माझ्या आजोबांच्या भावाचा नातू. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. खोडाळ्याच्या पुढे डांबर संपतं, तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर आमचा पाडा आहे. आमच्या दोन्ही घरांची जमीन म्हणजे ओहोळाकाठचं एक भाताचं खाचर आणि वर डोंगरउतारावरचा एक माळ. आजोबांच्या वेळी वाटणी झाली तेव्हा कागदावर खाचर त्यांच्याकडे गेलं आणि माळ आमच्याकडे. पण आमच्याकडे बैलजोडी होती. त्यांच्याकडे बैल नव्हते, शेळ्या होत्या, आणि नागली-वरई त्यांना झकास जमायची. चिखलणीला बैल लागतात, माळाला लागत नाहीत. मग दोघा भावांनी तोंडी बदल केला. आपापल्या जागेतली मूठभर माती एकमेकांच्या बांधावर टाकली आणि विषय संपला. तलाठ्याकडे जाण्याचं कोणाच्या मनातही आलं नसेल. आमच्या भागात अशा अदलाबदली कितीतरी सापडतील, आणि त्यावर दोन-दोन पिढ्या सुखाने जेवल्या आहेत.

खाचराचा बांध माझ्या आईने बांधला. आजोबांचा बांध दर पावसाळ्यात फुटायचा. आई लग्न होऊन आली आणि ओहोळातले दगड डोक्यावरून आणून तिने तो नव्याने रचला. कुठल्या कोपऱ्यात पाणी शेवटपर्यंत टिकतं, कुठे रोपं दाट लावायची आणि कुठे विरळ, हे तिला डोळे मिटून सांगता येतं. पाय धुवायला तिने बांधाशी एक चपटा दगड ठेवला आहे. वडील गेल्यावर सातबाराच्या उताऱ्यावर आई आणि मी अशी दोन नावं लागली. पण उताऱ्यावर होता माळ, खाचर नव्हतं, आणि हे आम्ही दोघीही साफ विसरून गेलो होतो.

आठवण करून दिली ती मीच. ते मी कबूल करते, कारण दुसरं कोणी माझ्यासाठी करणार नाही.

सरकारने पीक नोंदवायचं ॲप काढलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, उपग्रह जागा सांगणार आणि नोंद होणार. मधे कोणी साहेब नाही, खेटे नाहीत. मी गणपतीच्या सुट्टीत पाड्यावर गेले आणि दारोदार फिरून ज्याच्याकडे मोबाईल होता त्याच्या मोबाईलमध्ये माझ्या फोनवरून ते ॲप घालून दिलं; पाड्यावर रेंज नसली तरी ते चालायचं, नोंद नंतर रेंजमध्ये गेल्यावर पोचायची. अंगणात सगळ्यांना बसवून उपग्रह म्हणजे काय ते समजावलं. आकाशात चार उपग्रह चार बाजूंनी तुझ्याकडे बघतात आणि तू नेमका कुठे आहेस ते ठरवतात, असं सांगितलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘‘ढग असंल तर?’’ मी म्हटलं, ढगातूनही कळतं. सगळे आभाळाकडे बघायला लागले. मला फार बरं वाटलं.

मग मी आईला घेऊन खाचरात गेले. चुलतभाऊही मागोमाग आला, त्याला शिकायचं होतं. भात पोटरीत आलं होतं. मी फोन धरला तर फोन म्हणतो, तुम्ही तुमच्या गटाच्या बाहेर आहात. निळा ठिपका खाचरात होता आणि आमचा गट, म्हणजे उताऱ्यावरची जमीन, वर डोंगरावर. मी हसले. मोठ्याने हसले. आणि त्या शहाणपणाच्या भरात चुलतभावाला नकाशावर बोट ठेवून दाखवलं, ‘‘हे बघ, कागदावर सगळं उलटं आहे! हे खाचर तुझ्या नावावर आणि वरचा माळ आमच्या.’’

तो हसला नाही. त्याने विचारलं, ‘‘ताई, मंग मशीन कोनाचं खरं धरंल?’’

मी विज्ञानाची बाई. मी म्हटलं, ‘‘मशीन खोटं बोलत नाही.’’

त्या वाक्याबद्दल मी स्वतःलाही माफ केलेलं नाही.

त्याच आठवड्यात तो खाचरात उभा राहिला, आईच्या भाताचा फोटो काढला आणि आपल्या नावावर नोंदवला. आम्हाला कळलं ते आई भाताची पोती जीपमध्ये घालून सरकारी खरेदीला गेली तेव्हा. खिडकीतल्या माणसाने उतारा बघून सांगितलं, तुमच्या गटात भाताची नोंदच नाही. आई पोती घेऊन परत आली. पुढच्या वर्षी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी त्याने खाचरात ट्रॅक्टर घातला. वरचा माळही त्याने सोडला नाही, आणि त्या दगडांसाठी आम्ही भांडलो नाही. मी धावत गेले, तलाठ्याकडे गेले, मोखाड्याला तहसीलमध्ये गेले. सगळ्यांनी माझ्याशी फार नीट बोलून मला तेच सांगितलं, की कागदावर खाचर त्याचं आहे. वकील म्हणाला, लढू, पण वर्षं जातील. बांधावर मी चुलतभावाला नको नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मी कुटं काय चोरलं? मोबाईल बोलतो तंच खरं, तूच बोलली ना?’’

आई त्या वेळी चपट्या दगडावर बसून होती. दुसऱ्या दिवशी मी जव्हारला परतले आणि वर्गात उपग्रहाचा धडा होता. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘बाई, आवणी कोनी केली तं उपग्रहाला दिसतं का?’’ मी पुस्तक मिटलं आणि त्यांना सूर्यमालेची आकृती काढायला लावली.

तेव्हापासून तंत्रज्ञानाबद्दल माझी मतं जरा वाकडी झाली आहेत. राशनच्या दुकानात बाईचा अंगठा उमटत नाही, कारण तो चिखलात आणि दगडात झिजला आहे. ज्याने कधी विळा धरला नाही त्याचा अंगठा मात्र एका झटक्यात उमटतो. रोजगार हमीच्या कामावर हजेरीचा फोटो गेला नाही तर दिवसभर खणलेला खड्डा कोणीच खणलेला नसतो. यंत्र खोटं बोलत नाही हे अजूनही खरं आहे. पण त्याला एकच प्रश्न विचारता येतो, आणि तो प्रश्न कुठला ते ठरवणारा माणूस आमच्या पाड्यावर कधी आलेला नाही. आता म्हणे यंत्रं विचारही करायला लागली आहेत. करू देत. आमच्या चुलतभावाइतका विचार करायला त्यांना वेळ लागेल.

मी वाट बघत राहिले. त्याचं वाईट व्हावं अशी इच्छा मी रोज सकाळी ताजी ताजी करत होते. त्याचा ट्रॅक्टर रुतला की मला बातमी हवी असायची. त्याच्या नागलीवर रानडुकरं आली तेव्हा मी शाळेत पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले.

आणि मग मला हवं होतं ते त्याच्याच पायांनी चालत माझ्या दारात आलं. तो ग्रामपंचायतीला उभा राहिला होता, पाड्यावर रेंज आणीन असं सांगून. आमच्याकडे रेंज मिळते ती वरच्या माळावरच्या एका मोठ्या खडकावर. बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची असो की मुंबईला कामाला गेलेल्या नवऱ्याशी बोलायचं असो, बायका तो खडक चढतात. आईही दर रविवारी गुडघे धरत तिथे चढून मला फोन करायची. लोकांनी त्याला भरभरून मतं दिली. टॉवरवाले आले, यंत्र घेऊन डोंगरभर फिरले आणि म्हणाले, जागा हीच, खडकाशेजारची. भाडं मिळेल. करार जागेच्या मालकाशी.

मालक म्हणजे आई आणि मी. माळावर नागली त्याची, शेळ्या त्याच्या, पण ठिपका आमचा.

तो जव्हारला माझ्या खोलीवर आला. हातात करवंदांची पिशवी होती, अंगात निवडणुकीतला पांढरा शर्ट. बराच वेळ शाळेची चौकशी केली. मग म्हणाला, ‘‘ताई, आजोबांनी सबुद दिला होता. तो मोडला, माजी चूक झाली. आपन अदलाबदलीचा कागद करू. खाचर तुमाला, माळ आमाला. जुनं होतं तसं.’’

आजोबांचा शब्द त्याला आता आठवला होता! मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी चहा ठेवला. चहा प्यायला दिला आणि म्हटलं, ‘‘मोबाईल काढ. ॲप उघड. माळाचा गट दाखव कोणाचा येतो.’’ त्याने फोन काढला नाही. मी म्हटलं, ‘‘मोबाईल बोलतो तेच खरं. टॉवर आमच्या जागेत होईल, आणि तुझ्या शेळ्या उद्यापासून खाली बांध.’’ तो गेला तेव्हा करवंदं विसरून गेला. मी ती सगळी एकटीने खाल्ली. इतकी गोड करवंदं मी पुन्हा खाल्लेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी खडकावरून आईचा फोन आला. तो थेट तिच्याकडे गेला होता.

‘‘बाय, तो खाचर देतोय.’’

‘‘टॉवर हवाय म्हणून देतोय, आये.’’

‘‘हवा असंल. मला खाचर मिळंल ना?’’

मी तिला समजावलं. मला समजावता फार छान येतं. टॉवरच्या भाड्यात वर्षभराचा तांदूळ विकत येईल, वर डाळ-तेलही येईल. तुझे गुडघे गेलेत. कशाला त्या चिखलात वाकायचं? आणि त्याला असंच सोडून द्यायचं का? खडकावर वारा होता, ती काय बोलली ते तुटक ऐकू आलं. एवढं कळलं की ‘‘इकतचा तांदूळ’’ असं काहीतरी ती दोनदा म्हणाली. टॉवर वगळून उरलेला माळ घे आणि खाचर दे, असं मी त्याला कळवून पाहिलं. त्याने निरोप पाठवला, नुसते दगड घेऊन काय करू. मग मी कराराचा कागद घेऊन पाड्यावर गेले. मी बोट ठेवलं तिथे आईने अंगठा दिला. पाड्यातल्या बायांना चढावं लागतं, एवढंच ती म्हणाली. करार लांबलचक मुदतीचा आहे. अदलाबदलीचं बोलणं तिथे संपलं, आणि संपवलं मीच.

टॉवर उभा राहिला. नारळ फोडायला चुलतभाऊ पुढे होता, रेंज मीच आणली म्हणून भाषणही केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या नावाचा कागद कोणी बघितला नव्हता. ते मला झोंबलं, पण मी मनात म्हटलं, नारळ घे, भाडं मी घेते. भाडं आईच्या खात्यात जमा होतं. माझ्या माहितीप्रमाणे तिने त्याला हात लावलेला नाही.

या पावसाळ्यात एका दुपारी वर्ग चालू असताना आईचा फोन आला. रविवार नव्हता. मी घाबरून व्हरांड्यात आले. तिचा आवाज इतका जवळून आला की ती खांबामागे उभी आहे असं वाटलं. वारा नाही, तुटणं नाही. मागे बायका हसत होत्या, आणि पाण्यात पाय ओढल्याचा आवाज येत होता.

‘‘आये, कुठं आहेस?’’

‘‘खाचरात. आवणीला.’’

‘‘कोणाच्या?’’

‘‘आपल्याच.’’ मग थांबून म्हणाली, ‘‘त्याच्याकडं. रोजावर. तो माणसं बघत होता, मी गेली. त्यानं नाय बोलवलं, मीच गेली. त्याच्या पोरांना कुठं ठावं हाय, कोपऱ्यात दाट लावायचं तं?’’

मला त्याचा राग आला, तिचा आला, आणि जिचा यायला हवा होता तिचा सगळ्यात शेवटी आला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जा, खात्यात पैसे आहेत. तिने ऐकलंच नाही. ती कौतुकाने तो फोन बघत असणार, ओल्या हाताने, पदराला पुसून.

‘‘आता डोंगर चढाया नको,’’ ती म्हणाली. ‘‘खाचरातूनच लागला बघ तुजा फोन. तुजा टावर चांगला हाय. आवाज येतो ना बराबर?’’

‘‘येतो, आये,’’ मी म्हटलं. ‘‘सगळं ऐकू येतंय.’’