आमच्या लाखनीच्या घरातला पहिला यूपीएस

लग्न होऊन लाखनीला आले तेव्हा माझ्या सामानात लोखंडी आलमारी नव्हती. सत्त्याऐंशी साल असेल. बाबांना स्पष्टच सांगितलं होतं, आलमारी नको, कॉम्प्युटर द्या... आणि त्यांनी खरंच दिला!

कॉम्प्युटर म्हणजे काय, तर रबरी बटणांचा पाटीएवढा डबा. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि लिहिलेला प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. सासूबाई पहिल्या दिवसापासून त्याला 'खोकं' म्हणायच्या.

मला त्यावर मुलींचा क्लास काढायचा होता. सासरे म्हणाले, रविवारी ओळखीच्या चार घरचे लोक बोलावतो, त्यांना चालवून दाखव. त्यांना पटलं तर क्लास, नाही तर खोकं नागपूरला, तुझ्या माहेरी... बोलले हसत हसत, पण माणूस शब्दाचा पक्का!

पाढे विचारणारा प्रोग्राम लिहायला बसले. तासभर टाईप केलं असेल नसेल, पडदा एकदम कोरा... सगळं साफ! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वायर बदलली, अडॅप्टर बदलला, बटणं पुसली. शेवटी पिशवीत घालून एसटीने नागपूरला नेला, तर दुकानात पठ्ठ्या दिवसभर मस्त चालला! वर दुकानदाराने एक स्टॅबिलायझर माझ्या गळ्यात मारला तो वेगळाच.

घरी येऊन तो जोडला. लाईन खालीवर झाली की स्टॅबिलायझर खट्‌ वाजायचा आणि त्या खट्‌सरशी कॉम्प्युटर मरायचा. टीव्हीला काही फरक पडायचा नाही, पण हा मेला भलताच नाजूक... मला तर रडूच फुटलं हो.

शुक्रवारी दुपारी डोकं धरून बसले होते. सासूबाई बल्बखाली तांदूळ निवडत होत्या. अचानक बल्ब मिणमिणला, स्टॅबिलायझर खटकला, पडदा कोरा झाला... आणि रस्त्यापलीकडच्या राइस मिलची मोटर घूंऽऽ करत सुरू झाली.

अगं बाई! म्हणजे दुखणं डब्यात नव्हतंच. मिलची मोटर सुरू होताना आख्ख्या गल्लीची लाईन ओढून घ्यायची. एकदा ती फिरायला लागली की सगळं पुन्हा सुरळीत.

पण कळून उपयोग काय? धानाचा सीझन, मिलसमोर पोती लादलेल्या बैलबंड्यांची रांग. माल येईल तशी मोटर चालू-बंद व्हायची, तिला ना वेळ ना काळ. मी गुपचूप कॉम्प्युटर पिशवीत भरायला घेतला.

सासूबाईंनी पाहिलं. "काहून वं, हारली का?"

मी सगळं भडाभडा सांगितलं. मोटर सुरू होणार हे पाच मिनिटं आधी कळलं ना, तरी मी सगळं कॅसेटवर साठवून ठेवीन... त्यांनी सूप बाजूला सरकवलं, चपला घातल्या आणि थेट मिलमध्ये! मी आपली मागे मागे.

"मिस्त्रीभाऊ, मिल बंद नोको ठेवू गा," त्या म्हणाल्या. "पर चालू कराच्या आंधी सांगशीन त?" मोटर चालवणारा मिस्त्री हसायलाच लागला.

हमालांना जेवायला बोलवायला मिलमध्ये रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मग ठरलं असं... मोटर सुरू करायच्या आधी मिस्त्री रूळ वाजवणार, मी कॅसेटवर साठवणार. झालं की सासूबाई दारापुढच्या ओट्यावरून पदर हलवणार, आणि मगच मोटर! दोन दिवसांत प्रोग्राम पुरा झाला.

रविवारी पाहुणे आले. त्यांच्यातली कुंदा नावाची मुलगी पुढे बसली, इंग्रजी अक्षरांत स्वतःचं नाव टाईप केलं आणि नऊच्या पाढ्याची उत्तरं द्यायला लागली. मी मनात म्हटलं, जिंकलो... आणि टण टण टण!

आता, या लोकांसमोर?

सासूबाई उठल्या. "थांबा जी! खोकं आता सारं याद करून ठेवते. कोनी बोलू नोका." मी साठवायला लावलं तशी कॅसेट कर्कश किंचाळायला लागली, लोकांनी कानांवर हात ठेवले. कॅसेट थांबल्यावर सासूबाई ओट्यावर गेल्या, पदर हलवला, मोटर सुरू झाली आणि पडदा कोरा.

कुंदाचे वडील उठूनच उभे राहिले. त्यांना वाटलं, झालं, बिघडलं!

मी कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. आणि मग पडद्यावर नऊचा पाढा परत आला, वर कुंदाच्या नावासकट, जिथे सोडला होता तिथूनच!

"अरे बापा! गेलेलं वापस आनते हे!" कुंदाचे वडील खाली बसले ते पोरीचं नाव क्लासला घालूनच उठले. बाकीची घरंही लगेच हो म्हणाली. खरं सांगते, त्या दिवशी पडदा कोरा झाला नसता, तर सगळे चहा पिऊन 'पाहू' म्हणत निघून गेले असते.

क्लास पुढे बरीच वर्षं चालला. रूळ वाजला की मुलीच ओरडायच्या, "मॅडम, सेव्ह!"

परवा मुलाने फोन केला. घरच्या छोट्या सर्व्हरसाठी यूपीएस घेतोय, बॅकअप किती मिनिटांचा पुरेल, विचारत होता. मी काहीतरी उत्तर दिलं, पण डोळ्यांसमोर आमचा ओटाच आला...

सासूबाई शेवटपर्यंत त्याला खोकंच म्हणाल्या. पण रूळ वाजला आणि त्या ओट्यावर आल्या नाहीत, असं कधी झालं नाही. हात पिठाचे असले, तरी तसाच पदर हलवायच्या.