रुमालाखालचा सौदा आणि माझी तीन बोटं

मंडळी, आज मी जाम खूश आहे!

घोडेगावच्या बाजारात म्हशीचा भाव रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरतो. आज असाच सौदा चालू असताना म्हैस घेणारे काका कोसळले. मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर. पोचले तेव्हा लोक त्यांच्या नाकाला कांदा लावत होते. रक्तातली साखर तपासली, तर पार तळाला! शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी बाजाराला कोण येतं, तुम्हीच सांगा!

शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं त्यांचा हात हातात घेतला. "काका, दाबा बरं माझा हात."

डोळे न उघडताच काकांनी माझी तीन बोटं घट्ट धरली.

"याच्या वर न्हाई देनार!"

अख्खा बाजार हसला. म्हैस विकणारा मात्र डोळे पुसत म्हणाला, "दिली!"