आर्मेल त्रेगेर यांचे थांबणे

आर्मेल त्रेगेर यांनी चौदा वर्षे व्यावसायिक सायकलपटू म्हणून काढली आणि त्या चौदा वर्षांत एकही शर्यत जिंकली नाही. ही गोष्ट ते स्वतःच आधी सांगून टाकत, म्हणजे समोरच्या माणसाला विचारण्याचा संकोच उरत नसे. ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्लॉवरच्या शेतात त्यांचे बालपण गेले. समुद्राकडून येणारा वारा अंगावर घेण्याची सवय त्यांना तेथेच लागली होती आणि पुढे तीच सवय त्यांचा व्यवसाय झाली.

संघात त्यांचे काम गड्याचे होते. म्होरक्याच्या पुढे राहून वारा झेलायचा, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून वाटायच्या, म्होरक्याचे चाक फुटले तर स्वतःचे चाक काढून त्याला द्यायचे आणि तो मागे पडला तर थांबून त्याला पुन्हा पुढच्या घोळक्यात नेऊन सोडायचे. या थांबण्यात आर्मेल यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आल्प्सच्या एका घाटात त्यांनी चाक देऊन टाकले आणि दुसरे चाक येईपर्यंत चाळीस मिनिटे ते रस्त्याच्या कडेला बसून राहिले. अखेर शर्यतीच्या शेपटाशी चालणारी झाडूगाडी आली. ती थकलेल्यांना आणि मागे राहिलेल्यांना उचलून नेते. गाडीतल्या पंचाने रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीवरचा क्रमांक ओढून काढला. कापड टरकले. चौदा वर्षांत तेवढा एकच क्रमांक फाटला. बाकीचे सर्व त्यांच्या पत्नीने, सोआझिग हिने, शिवणाच्या डब्यात घड्या घालून जपून ठेवले.

पुढे ते एका लहान संघाचे व्यवस्थापक झाले. संघ डबाबंद सार्डिन विकणाऱ्या एका कारखान्याच्या नावाने चालत असे. मालकीणबाई मादाम केरवेदां यांना सायकलीतले फारसे कळत नव्हते, परंतु ओव्हेर्न्यच्या डोंगरांतली एप्रिलची चार दिवसांची शर्यत त्या दरवर्षी दूरचित्रवाणीवर पाहत. मागच्या वर्षी त्या शर्यतीत संघाचा एकही सायकलपटू शेवटपर्यंत पोहोचला नाही. यंदाही तसेच झाले तर पुढचे निमंत्रण मिळणार नाही, असे आयोजकांनी कळवले होते. मादाम यांनी त्यावर एवढेच म्हटले, "ती शर्यत नाही, तर संघही नाही, मेस्यू त्रेगेर." सात सायकलपटू, मेकॅनिक आणि स्वतः आर्मेल यांचे भवितव्य त्या एका वाक्याला टांगलेले होते. सातांपैकी एक जण पोहोचला तरी पुरे होते.

तिसऱ्या दिवशी उतारावर संघाचा म्होरक्या एर्वान पडला. आर्मेल मागच्या मोटारीत होते. त्यांनी रेडिओ उचलला आणि क्षणाचाही विचार न करता सांगितले, "पाचही जण थांबा. एर्वानला घेऊन या."

मागच्या आसनावर चाके मांडीशी घेऊन बसलेला मेकॅनिक फांश त्यांचा तीस वर्षांचा सोबती होता. तो ओरडला, "अरे, पाच कशाला? दोन पुरेत!"

"आम्ही सगळेच थांबायचो."

"आपण थांबायचो तेव्हा आपला म्होरक्या जिंकायचा, बाबा! हा आधी उठून तरी उभा राहतोय का बघ."

एर्वान उठला आणि खांद्याचे हाड मोडलेले असताना नऊ किलोमीटर चालवत राहिला. मग सायकल भिंतीला टेकवून तो खाली बसला. त्याच्यासाठी थांबलेले पाचही जण विजेत्यानंतर पोहोचण्यासाठी ठरवून दिलेली मुदत संपल्यावर तीन मिनिटांनी पोहोचले आणि बाद झाले. उरला फक्त लोएझ पेन्नेक. तो सकाळीच पुढे निसटला होता, म्हणून थांबण्याचा हुकूम त्याला लागू नव्हता.

जेवणाच्या टेबलावर लोएझने विचारले, "म्हाताऱ्या, मी मागे असतो तर मलाही थांबवलं असतंस ना?"

"हो."

"मग बरं झालं, निसटलो ते." लोएझ हसला आणि लगेच खोकला. त्याच्या छातीत दोन दिवसांपासून घरघर होती. आर्मेल यांनी ताटातला भात चिवडला, खाल्ला नाही.

चौथ्या दिवशी बर्फमिश्रित पाऊस पडत होता. विजेत्यानंतर एकवीस मिनिटांच्या आत पोहोचणे आवश्यक होते. दुबळे सायकलपटू असा दिवस काढण्यासाठी एकत्र येऊन घोळका करतात, वेळेचा हिशेब ठेवतात आणि एकमेकांना ओढत नेतात. लोएझ त्या घोळक्यात होता. शेवटच्या घाटात, शेवटची रेषा एकोणीस किलोमीटरवर असताना, घोळक्याचे टोक त्याच्या हातून सुटले.

आर्मेल यांनी मोटार त्याच्या शेजारी आणली. त्याचे ओठ निळे पडले होते.

"किती मागे?" लोएझने विचारले.

"जमेल."

"खोटं बोलताना तुझी भुवई उडते रे."

आर्मेल यांनी खिडकीतून बाटली पुढे केली. बाटली देताना लगेच सोडायची नसते, हे या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. दोन आकडे मोजेपर्यंत मोटार सायकलीला ओढते आणि तेवढ्यापुरती पंचांची नजर दुसरीकडे असते. आर्मेल स्वतः सायकलवर असताना दोनच्या पुढे कधी गेले नव्हते. आज त्यांनी तीन मोजले, चार मोजले. त्यांची बोटे उघडेनात.

"सोड," लोएझ म्हणाला. "आर्मेल, सोड ना!"

पाच. मागून मोटारसायकलचा भोंगा वाजला. लोएझनेच हात काढला आणि बाटली आर्मेल यांच्याच हातात राहिली.

पंच शेजारी आला. "मेस्यू त्रेगेर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पुन्हा केलंत तर हा बाद, आणि तुमची मोटारही बाहेर."

पंच पुढे गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. आर्मेल यांनी बाटली पुन्हा खिडकीबाहेर काढली. "धर. तो दिसत नाही."

लोएझने बाटलीकडे पाहिले. "नको. इथवर स्वतःच्या पायांनी आलोय."

"लोएझ, ऐक माझं. मी पाया पडतो तुझ्या."

"आधी रस्त्याकडे बघ. मोटार खड्ड्यात घालशील."

 मागे फांशने आपल्या खिडकीची काच वर केली, कारण बर्फ आत येत होता.

शेवटच्या दोन किलोमीटरांत कालचे पाच बाद सायकलपटू रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांना हॉटेलात थांबण्यास सांगितले होते, परंतु ते चालत आले होते. भिजलेल्या जाकिटांत ते लोएझच्या बाजूने धावू लागले. "चल, चल! ढकल त्या सायकलीच्या म्हशीला!" असे ओरडत ते पडत होते, उठत होते. आर्मेल घड्याळाकडे पाहत होते. मग त्यांनी पाहणे सोडले.

लोएझ रेषेवर पोहोचला तेव्हा एकवीस मिनिटांवर नऊ सेकंद झाले होते.

पंच क्रमांक काढण्यासाठी पुढे आला. आर्मेल यांनी त्याच्यासमोर हात जोडले. "मी काढू का? फाटू देणार नाही." पंच बाजूला झाला. आर्मेल यांनी चारही सेफ्टी पिना एकेक करून उघडल्या. बोटे गारठल्यामुळे बराच वेळ लागला. लोएझ सायकलीच्या हँडलवर डोके टेकवून उभा होता.

"किती?"

"नऊ सेकंद."

"बाटली आणखी थोडी धरली असती तर?"

"काल मी दोघांनाच थांबवलं असतं तर," आर्मेल म्हणाले. त्यांनी क्रमांकाची घडी करून ती आतल्या खिशात ठेवली.

फोन वाजला. मादाम केरवेदां होत्या. त्यांनी शर्यत शेवटपर्यंत पाहिली होती. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच आर्मेल यांना अधिक कठीण गेले.

"संघ संपला, मेस्यू त्रेगेर. तुम्हालाही ते समजलं असेल. मला फक्त एक सांगा. काल पाचही जणांना का थांबवलंत?"

आम्ही सगळेच थांबायचो, हे चौदा वर्षांचे उत्तर आर्मेल यांच्यापाशी होते. समोर ते पाच जण लोएझभोवती गोळा झाले होते. एकाने आपले जाकीट त्याच्या अंगावर घातले होते आणि तो स्वतः कुडकुडत होता. संघाच्या बसचे दार उघडे होते. आत गरम हवा होती. लोएझला चालता येत नव्हते, म्हणून त्यांच्यापैकी कोणीही बसमध्ये चढत नव्हता.

"मेस्यू त्रेगेर?"

"ऐकतोय, मादाम," ते म्हणाले, आणि फोन कानाशी धरून त्या पाच जणांकडे पाहत उभे राहिले.