हाय आणि नाय

जपानला बोलायला आमच्या कन्नड तालुक्यानं शिकवलं, हे मी अजिंठ्याच्या लेण्यांत गाईड म्हणून उभा राहून उभी हयात सांगितलं. मला कुणी खोटं पाडलं नाय, कारण पुरावाच तसा दांडगा होता. जपानी माणूस होकार देतो तेव्हा 'हाय' म्हणतो. आमच्याकडं 'आहे'ला 'हाय'च म्हणतात. एखादी गोष्ट नसली की तो 'नाय' म्हणतो. आमचं 'नाय' तर जगजाहीर. वर त्यांच्या प्रश्नाच्या शेपटाला 'का' असतो, आमच्याही असतो. आता तुम्हीच सांगा, आमच्या घाटातून गेलेल्या भिक्षूंनी झोळीत घालून नेल्याबिगर हे तीन शब्द समुद्रापार गेले कसे?

एवढ्यावर जपानी पाहुण्यांनी माना डोलावल्या की मी पुढं सरकायचो. जपानातल्या थोरल्या बुद्धमूर्तीचे डोळे उघडायचा सोहळा झाला, तेव्हा बुबुळं रंगवणारा कुंचला धरायला आपल्या देशातला एक भिक्षू बोलावला होता. एवढं खरं आहे, पुस्तकात आहे. तो भिक्षू कन्नडचा होता आणि कुंचला गौताळ्याच्या जंगलातल्या खारीच्या शेपटीचा होता, ही भर माझी. निजामाच्या राजवटीत जपानी चित्रकार इथली चित्रं उतरवायला आले आणि त्या नकला पुढं तिकडच्या भूकंपात गेल्या, हेही खरं. महायुद्ध संपल्यावर आपल्या सरकारनं त्यांच्याशी वेगळा तह केला, भरपाई मागितली नाय, उलट तिकडच्या लेकरांना बघायला हत्ती धाडला, तेही खरं. जहाजावर चढवण्याआधी त्या हत्तीला माझ्या वडिलांनी खाम नदीत अंघोळ घातली, हे मी सांगायचो तेव्हा पाहुणे वडिलांच्या नावानं कमरेत वाकायचे.

वडिलांनी जन्मात शेळीसुद्धा धुतली नव्हती. ते औरंगाबादच्या कचेरीत उर्दू लिहिणारे कारकून. अक्षर असं की अर्जदार अर्ज सोडून अक्षरच बघत बसायचा. पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला, आणि पुढं हळूहळू कचेरीची भाषा बदलली. चांगला शिकला-सवरलेला माणूस अडाणी होऊन घरी आला. मी पाटीवर बाराखडी गिरवायचो आणि शेजारी माझे वडील दुसऱ्या पाटीवर तीच गिरवायचे. ते मला म्हणायचे, "हुकूमत बदलायच्या आधी पुढची जबान शिकून ठेव. नायतर माझ्यासारखा मुका होशील." मी मुका होणार नाय, हे मी तेव्हाच ठरवलं. मोठा झाल्यावर लेण्यांना येणारे जपानी यात्रेकरू बघितले, आणि पुढची जबान मला सापडली. कोणी सोडून दिलेली एक फाटकी पुस्तिका, थोडी पाहुण्यांकडून उचललेली वाक्यं आणि बाकीचं अंगातलं धाडस, एवढ्यावर मी जपानीचा पंडित झालो. मी बोलायला लागलो की घाटातल्या म्हशी रवंथ थांबवून ऐकायच्या.

एक म्हातारा जपानी चित्रकार दर हिवाळ्यात यायचा. तिकडं कुठल्याशा डोंगरातल्या गावी एकटा राहायचा, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. भूकंपात गेलेल्या नकला पुन्हा काढायच्या, एवढाच त्याला ध्यास. मी त्यांना सेन्सेई म्हणायचो, म्हणजे गुरुजी. दिवसभर ते लेण्यात बसायचे आणि मी कंदील धरायचो. आठवड्यातून एकदा ते आमच्या औरंगाबादच्या घरी जेवायला यायचे. पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा डोळ्यातून धारा लागल्या तरी "ओइशी, ओइशी" म्हणजे छान छान म्हणत राहिले. माझी बायको मला म्हणाली, "अहो, माणूस मरतोय, पाणी द्या की." मी म्हणालो, "तुला भाषा कळत नाय. त्याला आवडलंय."

तोंडावर छान म्हणणारा माणूस आतून नाय म्हणत असतो, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

माझी लेक तेव्हा शिक्षिकेचा कोर्स नुकताच संपवून बसली होती. एकुलती. डोक्यानं माझ्या दहापट. माझ्यासारखं 'हाय-नाय' न म्हणता शाळेतलं स्वच्छ 'आहे-नाही' बोलायची आणि मला टोकायची. तिला कन्नडजवळच्या एका शाळेत नेमणूक मिळाली. ऑर्डर हातात पडली, महिन्याभरात हजर व्हा. तिला पोस्टमन दिसला तेव्हा ती रस्त्यावर पळत गेली होती. एवढी पळालेली मी तिला फक्त लहानपणी पाहिली होती.

पण माझ्या डोक्यात जपान. कन्नडच्या पोरीनं कन्नडच्या शाळेत शिकवलं, तर त्यात गोष्ट काय राहिली? सेन्सेई परत निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या ओट्यावर चहा घेत होते. मी विषय काढला. पोरीला तिकडं शिकायला पाठवायचं, तुम्ही तिची जबाबदारी घ्यायची. आणि मराठीत आपण जसं आर्जवानं विचारतो, "गुरुजी, एवढं होणार नाय का?" तसंच मी शब्दाला शब्द ठेवून विचारलं, "देकिनाय देस का?"

सेन्सेईंनी दातांतून श्वास आत ओढला. मान इतकी खाली घातली की कपाळ कपाला लागलं. मग हळूच म्हणाले, "हाय… चोत्तो…"

'चोत्तो' म्हणजे थोडं. 'हाय' म्हणजे हाय. होईल, थोडं थांबा! मी उठून उडी मारली ती थेट गल्लीत. संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले. गुलमंडीवरच्या शिंप्याकडं पोरीला लोकरीचा ओव्हरकोट शिवायला टाकला. शिंपी म्हणाला, "साब, औरंगाबाद में ये कोट पहनेंगे तो बिटिया उबल जाएगी." मी म्हणालो, "जपान का बर्फ देखा है तुमने?" मी तरी कुठं पाहिला होता! चार दिवसांत गोष्ट अशी वाढली की पोर विमानानं जाणार, विमानतळावर त्यांचा मंत्री येणार, आणि दोन्ही देशांमधला पुढचा करारमदार तिच्याच सहीनं होणार.

बायको म्हणाली, "तुमच्या तोंडाला झाकण हाय का नाय?"

सेन्सेईंनी मुंबईहून निघताना पोरीसाठी टपालानं एक पुस्तक पाठवलं. इंग्रजीतून जपानी शिकायचं, जाडजूड, व्याकरणाचं. मी ते सगळ्या गल्लीला करारनाम्यासारखं दाखवलं. पोर मात्र ते खरोखरच वाचायला लागली. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून. पंधरा-वीस दिवसांनी तिनं मला हाक मारली. पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि बोट एका ओळीवर.

"बाबा, तुम्ही सेन्सेईंना नेमकं काय विचारलं होतं? जसंच्या तसं सांगा."

मी छाती फुगवून सांगितलं, "देकिनाय देस का."

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "आणि ते 'हाय' म्हणाले?"

"व्हय. हाय म्हणाले."

"बाबा, त्यांच्याकडे नकाराचा प्रश्न विचारला की 'हाय' म्हणजे 'तुम्ही म्हणता ते बरोबर'. तुम्ही विचारलंत, जमणार नाही का? ते म्हणाले, बरोबर, जमणार नाही. आणि 'चोत्तो' म्हणून थांबले ते 'थोडं अवघड आहे' या अर्थी. त्यांनी नाही म्हणून सांगितलंय." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "अजून आठ दिवस आहेत. मी कन्नडला हजर होते. तुम्ही फक्त लोकांना सांगा, जमलं नाही म्हणून."

फक्त! ते पेढे, तो कोट, तो मंत्री. रोज सकाळी गल्लीत "काय, कधी उडतंय विमान?" विचारणारी तोंडं. मला एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो शब्द माझ्या गावचा होता. जपानला उसना दिला म्हणून मी फुशारकी मारायचो, तोच. तो 'नाय' माझ्या तोंडातून निघेना.

मी म्हणालो, "पुस्तकी भाषा ही. माय, मी परवाच पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला होता. स्वतः सेन्सेई बोलले. कागदं निघाली म्हणाले."

तिनं ओळीवरचं बोट काढलं. "खरं?"

"हाय," मी म्हणालो.

आयुष्यात हजार थापा मारल्या. हत्ती धुतला, खारीची शेपटी कापली, म्हशींना जपानी शिकवलं. त्या सगळ्या थापा कुणी मानल्या नाय तरी चालणार होतं. ही एकच तिनं मानली. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ऑर्डर म्हणजे नुसता कागद झाला.

पुढच्या हिवाळ्यात सेन्सेई आले. मला वाटत होतं, येऊ नयेत. लेण्यांच्या रस्त्यावर झाड पडावं, दरड पडावी. काहीच पडलं नाय. ते नेहमीसारखे जेवायला आले, ओट्यावर बसले. पोरीनं चहा आणून ठेवला, समोर गुडघ्यांवर बसली आणि सरळ, शुद्ध, माझ्या एकाही शब्दाची गरज नसलेल्या जपानीत त्यांना जपानच्या कागदांचं विचारलं. ते एकदम उठून उभे राहिले. मग बसले. मग जमिनीला कपाळ टेकून काही काही बोलत राहिले. मला तुटक शब्द लागत होते. एकटा आहे. म्हातारा आहे. तेव्हाच सांगितलं होतं.

मग पोरीनं माझ्याकडं न बघता आणखी एक प्रश्न विचारला. त्यात 'देनवा' हा शब्द होता. देनवा म्हणजे टेलिफोन.

सेन्सेई गोंधळले. हात हलवून म्हणाले, "देनवा? उची नी देनवा वा नाय."

त्यांच्या घरी टेलिफोनच नव्हता.

ते वाक्य मला कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्या बायकोलाही नव्हती. शेवटचा शब्द आमच्याच घरातला होता. पोरीनं सेन्सेईंच्या कपात चहा ओतला, सांडला नाय. मला म्हणाली, "बाबा, साखर संपली आहे. घेऊन या." मी पिशवी घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं विचारलं, "मग, कधी उडतंय विमान?" आणि मी, ऐका, मी त्याला तेव्हासुद्धा म्हणालो, "उन्हाळ्यात."

पुढं पुन्हा भरती निघाली तेव्हा तिचं वय उलटलेलं होतं. लग्न होऊन ती बिडकीनला गेली. घरच्या घरी बालवाडी चालवली, पंचवीसेक वर्षं. जावई चांगला आहे. कोट नेला नाय तिनं. तो आमच्याकडंच राहिला. थंडीत दही लागत नाय म्हणून बायको त्यात पातेलं गुंडाळून ठेवायची. सेन्सेई त्यानंतर आले नाहीत. पुढं जपानच्या मदतीनं लेण्यांची कामं झाली, फीत कापायला दोन्हीकडची मोठी माणसं आली, आणि भाषणांत दोन्ही देशांची मैत्री हजारो वर्षांची निघाली. मी मागच्या रांगेत उभा होतो. टाळ्या वाजवल्या. मला माहीत होतं, मोठी माणसं जेव्हा 'हाय' म्हणतात तेव्हा काय म्हणतात ते.

आता बायकोही गेली. शहराचं नाव बदललं, संभाजीनगर झालं. पाट्या बदलताना मला दर वेळी वडिलांची पाटी आठवते. लेक साठीला टेकली आहे. पंधरा दिवसांनी बिडकीनहून येते, माझ्या गोळ्या डब्यात भरते, चादर बदलते, जाते. कामाचं बोलते. मी लेण्यातल्या जुन्या गोष्टी सुरू केल्या की उठून स्वयंपाकघरात जाते.

गेल्या खेपेला ती चप्पल घालत असताना मी धीर केला. आता किती खेपा राहिल्यात? म्हणालो, "माय, राग अजून गेला नाय का?"

ती दारात थांबली. जन्मभर जिनं शुद्ध 'आहे' सोडून दुसरं काही उच्चारलं नव्हतं, ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "हाय."

आणि गेली.

मी अजून खाटेवर बसून तो शब्द दोन्ही बाजूंनी उलटून बघतोय. माझ्या मराठीत घेतला तर, राग आहे. तिच्या जपानीत घेतला तर, बरोबर बोललात, गेलेला नाही. जन्मभर मी पाहुण्यांना सांगत होतो की हा शब्द दोन्हीकडं एकच आहे. ती सगळी बंडलबाजी होती. त्या दिवशी दारात, पहिल्यांदाच, तो खरोखर एक झाला.