पाचोडच्या मोसंबीसाठी शेणखत शोधताना

लोक गाडी काढून वेरूळला जातात. मी आणि माझे सासरे अण्णा शेण बघायला निघालो.

कारण सांगते. पाचोडला अण्णांनी स्वतः लावलेली मोसंबीची बाग आहे. दुष्काळाचं दुसरं वर्ष. ठिबकवर झाडं कशीबशी तगली, पण पानं पिवळी पडली. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे नमुना मीच तपासला. नत्र पार खाली गेलं होतं. सासूबाई गेल्यावर अण्णा गुरं विकून बीड बायपासवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हापासून बागेला शेणखत मिळालंच नव्हतं. शेवटी माझ्या नवऱ्याने सांगून टाकलं, "यंदा चांगलं खत मिळालं तर ठीक, नाहीतर पावसाळ्याआधी बाग काढून टाकू." एरवी चहात साखर कमी पडली म्हणून घर डोक्यावर घेणारे अण्णा त्या दिवसापासून मुकाट्याने कप संपवायला लागले. ते मला बघवेना, म्हणून मीच रजा टाकली.

बागेच्या कडेला कडब्याची एक गंजी होती. शेत बटईने दिलेलं, त्यातला हा अण्णांचा वाटा. गोठा रिकामा, तरी कडबा विकायचा नाही हा त्यांचा हट्ट. "गुरं काय पाहुणी म्हणून येणार आहेत का?" असं आम्ही त्यांना चिडवायचो.

पहिला थांबा शहराच्या कडेला, म्हशींचा तबेला. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात आणि वास येतो म्हणून वरून लोक भांडतात. मालकाला शेण कुठं टाकावं हाच प्रश्न, त्यामुळे जवळजवळ फुकटच द्यायला तयार. "ले जाओ चचा, एकदम ताजा है, आज सुबह का!"

"भाजी हाय का ही?" अण्णा म्हणाले. मग मला बाजूला घेऊन, "ह्याच्यात हुमणीची अळी पडती. अन् पाण्याबिगर टाकलं तर मुळ्या उकडून निघतील." खरंच होतं. कच्चं खत कुजताना आधी मातीतलंच नत्र ओढतं, हे मी रोज शेतकऱ्यांना सांगते.

तिथून लासूर स्टेशन. रस्ता बरा आहे, पाणी मात्र घरून न्या. बाजाराजवळ गरम भजी खाल्ली, स्वस्त आणि झणझणीत. पुढे रस्त्याकडेला खताचे ढीग विकायला होते. कांदेवाले ट्रॉलीच्या ट्रॉली नेतात म्हणे. भाव ऐकून अण्णांनी टोपी काढली आणि परत घातली. मी मूठभर हातात घेतलं, तर राखाडी आणि हलकं. उघड्यावर उन्हात पडून नत्र उडून गेलेलं. "लई जुनं खत हाय, ताई," विकणारा अभिमानाने म्हणाला. तीच तर पंचाईत होती.

दुपारी देवगाव रंगारीला पोचलो, अण्णांच्या मावसबहिणीकडे, गोदाआत्यांकडे. त्यांच्याकडे खताचा खड्डा कडुनिंबाच्या सावलीत. शेणाचा थर, मातीचा थर, त्यावर गोठ्यातलं गोमूत्र. हात घातला तर काळं, भुसभुशीत, घाण वास अजिबात नाही. नत्र जपायचं तर असं! अण्णांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला.

"गोदा, दोन ट्रॉल्या दे."

"खत मागू नगं, अण्णा. आमच्या अद्रकीलाच पुरत नाय," आत्या म्हणाल्या. "अन् पुढल्या वर्षी तर हेबी नसंल. चारा सपलाय. दोन गायी लासूरच्या बाजारात न्यायच्यात."

जेवायला पिठलं-भाकरी होती, चवही होती, पण कुणाचंच लक्ष नव्हतं. भाकरी मोडता मोडता अण्णा एकदम थांबले.

"गोदा, चारा माझ्याकडं हाय. अख्खी गंजी हाय."

पूर्वी दुष्काळात सोयऱ्याची गुरं अशी सांभाळायला नेत. आत्यांना ते लगेच उमगलं. "अन् गाय व्याली तर वासरू?"

"वासरू तुझं, शेण माझं. पाऊस झाल्यावर सांग, दोघीबी गायी मी आणून घालतो. नायतर राहू दे माझ्याकडंच."

"पण अण्णा, तिथं सांभाळणार कोण?" मी विचारलं.

"मी जातो ना पाचोडला," ते भाकरीकडे बघत म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. त्यांच्या सकाळच्या रेडिओवरून आणि अडकित्त्याच्या आवाजावरून मी कमी कुरकुर केलेली नाही. पण मी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीमागे टेम्पोत गायी, अशी वरात पाचोडला पोचली. गंजी दिसताच दोघींनी माना लांबवल्या. मी नवऱ्याला फोन लावला. "खत तयार व्हायला वर्ष जाईल," तो म्हणाला. "मग वर्षभर बागेला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "बरं," तो म्हणाला.

अण्णांना तिथेच सोडून मी घरी आले, त्याला आठवडा झाला. सकाळी रेडिओ नाही, हवी होती तशी शांतता आहे, आणि ती मला मुळीच आवडत नाही. अण्णांची फार आठवण येते. तुम्ही तिकडे गेलात तर तबेल्यातलं ताजं आणि रस्त्यावरचं वाळलेलं खत घेऊ नका, सावलीतला खड्डा शोधा. एवढंच शिकून आले होते असं मला वाटत होतं.

काल प्रयोगशाळेत असताना फोन वाजला.

"सूनबाई, खड्डा खणला बरं का! पहिली पाटी टाकली. निंबाच्या सावलीतच हाय." मग आवाज चढला. "अन् इथं माझ्या हातचा चहा लई अगोड हुतोय. साखर घिऊन यी. भरपूर आण!"